पिरोजा, पुतळी आणि बेल्ह्याची वाट

सोने आणि पिरोजा ही जोडी जगातल्या सर्वांत जुन्या दागिन्यांत भेटते. इजिप्तच्या राजांनी सिनाईच्या वाळवंटात पिरोज्यासाठी खाणी खणल्या. लाहून येथे 1914 मध्ये सापडलेल्या राजकन्या सिथाथोरियुनेतच्या गळ्यातल्या पदकात सोन्याच्या बारीक घरांत पिरोजा, लाजवर्द आणि तांबडा अकीक यांचे 372 तुकडे बसवलेले आहेत. ते पदक सुमारे 3,900 वर्षांपूर्वीचे. भारतीय उपखंडात याहून जुने पिरोज्याचे मणी बलुचिस्तानातल्या मेहरगढ येथे निघाले. तिथल्या नवाश्मयुगीन शेतकऱ्यांनी ते आपल्या मृतांबरोबर पुरले होते. तिथे सोने नाही, नुसता खडा आहे. खडा आणि धातू यांचे लग्न पुढे लागले, आणि ते जिथे लागले तिथे बहुतेक वेळा दोन्ही पक्ष दूरवरून आलेले होते. जुन्या हाराचे मूळ शोधायचे तर खाणीपर्यंत आणि टांकसाळीपर्यंत जाणारी वाट शोधावी लागते. जुन्नर तालुक्यातले बेल्हे हे बाजारगाव अशाच एका वाटेवर बसले आहे.

पिरोजा म्हणजे तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे फॉस्फेट, ज्याच्या घडणीत पाणी मुरलेले असते. रुक्ष प्रदेशात थोडेसे पाणी तांबेयुक्त खडकांतून झिरपत खाली जाते आणि भेगांमध्ये हे खनिज साकळते. निळा रंग तांब्याचा. लोह मिसळले की तो हिरव्याकडे झुकतो. दगड फारसा कठीण नाही, काचेच्या आसपासच, आणि सच्छिद्र असल्यामुळे तेल, घाम, अत्तर शोषून घेतो. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकातच लिहून ठेवले की तेल, उटी आणि मद्य यांनी या खड्याचा रंग जातो. ही गोष्ट पुढे फार कामाची आहे.

दख्खनच्या काळ्या पाषाणात पिरोजा तयार होत नाही. लाव्हारसाच्या थरांतल्या पोकळ्यांमध्ये अकीक, स्फटिक, झिओलाइट मिळतात. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हनसाइट नावाचे गर्द निळे खनिज सापडते आणि जगभरच्या संग्राहकांकडे जाते. पण ते दागिन्याचे नाही. पिरोज्याचे नामांकित घर इराणच्या खोरासान प्रांतातले निशापूर. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये तिथल्या जुन्या आणि नव्या खाणींची माहिती देतो. जुन्या खाणीचा माल इराणच्या बादशहाने स्वतःसाठी राखून ठेवला होता. कारण असे की तिथल्या कारागिरांना सोन्यावर मीनाकारी साधत नसे, म्हणून तलवारी आणि खंजिरांच्या मुठींवर मीन्याऐवजी पिरोज्याचे तुकडे फुलापानांसारखे बसवत. म्हणजे जिथे खडा पिकत होता तिथेही तो मीन्याची जागा भरत होता. दख्खनमध्ये याच्या अगदी उलट घडले.

प्रस्तुत लेखकाने ही वाट पश्चिमेकडून धरली, कारण समुद्रावरून आलेला माल त्याच दिशेने वर चढत असे. कल्याणहून मुरबाड, तिथून वैशाखरे, आणि मग नाणेघाटाची चढण. घाटमाथ्यावर खडकात कोरलेली अरुंद खिंड आहे. तिच्या अलीकडे सातवाहनांची गुहा आणि वरच्या बाजूला दगडाचा एक मोठा रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत असत, असे परंपरेने सांगतात. गुहेतला राणी नागनिकेचा लेख इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. यज्ञ, त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि हजारोंनी मोजलेली कार्षापण नाणी यांची ती यादी आहे. आकडे अंकांत लिहिलेले भारतातले जे अगदी जुने लेख आहेत, त्यांत हा एक. भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी यांच्या मूर्ती होत्या. आज नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. त्या मूर्तींच्या गळ्यांत काय होते ते कळण्याचा मार्ग उरला नाही, ही या वाटेवरची सर्वांत मोठी हानी म्हणावी लागेल.

त्या काळच्या व्यापाराचा उत्तम पुरावा 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पुस्तकात आहे. पहिल्या शतकाच्या मध्यावर लिहिलेल्या या पुस्तकात बंदरनिहाय माल दिला आहे. सिंधूच्या मुखावरच्या बार्बारिकम बंदरातून परदेशी जाणाऱ्या वस्तूंत पिरोजा आणि लाजवर्द यांची नावे आहेत. भडोचच्या यादीत मात्र पिरोजा नाही. तिथे पैठणहून गाड्यांवर लादून येणारा अकीक आहे. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तगर म्हणजे आजचे तेर तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, असे लेखक सांगतो. कल्याणविषयीही तो लिहितो: पूर्वी ते रीतसर व्यापारपेठ होते, पण पुढे सत्ता बदलल्यावर तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात.

या याद्या एकमेकींशेजारी ठेवल्या की त्या काळच्या खड्यांचा नकाशा हाती येतो. उत्तरेचा निळा खडा खोरासानातून सिंधूकाठी उतरून समुद्रात जात होता; दख्खनचा तांबडा खडा गोदाकाठावरून समुद्राकडे जात होता. ज्या शतकात नाणेघाट गजबजलेला होता त्याच शतकात, आजच्या उत्तर अफगाणिस्तानात तिल्या तेपे येथे, सहा माणसांना सोन्यात मढवून पुरले गेले. व्हिक्टर सारियानिदी यांच्या पथकाने 1978 मध्ये ती थडगी उघडली तेव्हा वीस हजारांहून अधिक सोन्याच्या वस्तू निघाल्या आणि त्यांतल्या कितीतरी वस्तूंत पिरोजा जडवलेला होता. सोने-पिरोजा या जोडीचा खरा प्रदेश तो. नाणेघाटातून वर येत होते ते मुख्यतः सोने आणि चांदी, तेही नाण्यांच्या रूपात. भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो, ही प्लिनीची तक्रार प्रसिद्ध आहे. पेरिप्लसही सांगतो की भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी आणली जात आणि स्थानिक चलनाशी बदलताना त्यांवर नफा मिळे.

नाणेघाटातून उतरणारा रस्ता घाटघर, जीवधन आणि चावंडच्या पायथ्याने, कुकडीच्या खोऱ्यातून जुन्नरला येतो. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, म्हणजे शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या गटांत, दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतले दानलेख म्हणजे त्या काळच्या पेठेची हजेरीच आहे. धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेण्यांची नावे त्यांत येतात. इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांची दाने आहेत. त्यांतल्या एकाने संघाला भोजनमंडप दिला. आणि या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा लेख म्हणजे कल्याणच्या एका सोनाराने दिलेल्या पाण्याच्या पोढीचा. कल्याणचा सोनार घाट चढून जुन्नरला येतो आणि भिक्षूंसाठी टाके खोदवतो, यावरून या वाटेवर सोने नुसते वाहत नव्हते, घडतही होते, हे स्पष्ट होते. त्याने घडवलेला एकही दागिना आज दाखवता येत नाही. त्याने दिलेल्या दानाचा लेख मात्र दगडात टिकला.

जुन्नरहून बेल्ह्याकडे जाताना आळेफाटा लागतो. इथे पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात. आळ्याला ज्ञानेश्वरांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी आहे. तिथून पूर्वेला थोड्याच अंतरावर बेल्हे. पश्चिमेची हिरवी भाताची खाचरे मागे पडतात, पाऊस कमी होत जातो आणि बाजरी, ज्वारी, कांदा सुरू होतो. पुढे आणे घाट, गुळुंचवाडीच्या मळगंगेजवळ काळ्या पाषाणात निसर्गाने कोरलेला पूल, मग आण्याचे कोरडे पठार आणि त्यापलीकडे नगरची वाट. तीच वाट नेवासे आणि पैठणकडे जाते. म्हणजे बेल्हे हे घाटमाथा आणि देश यांच्या सांध्यावरचे गाव आहे. इथला सोमवारचा आठवडे बाजार आणि बैलबाजार दूरवर ओळखला जातो.

नेवाशाचा उल्लेख आला आहे तर तिथल्या एका माळेविषयी लिहिलेच पाहिजे, कारण या साऱ्या पट्ट्यातली ती फार जुनी आणि फार बोलकी माळ आहे. ह. धी. सांकळिया यांच्या उत्खननात नेवाशाला ताम्रपाषाणयुगातल्या एका लहान मुलाचे दफन सापडले. त्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजाने आतला दोरा टिकून राहिला होता आणि तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस आढळला. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या खेड्यात आईबापांनी लेकराच्या गळ्यात आपल्याजवळची सर्वांत उजळ वस्तू घातली होती. तिथे सोने नव्हते, पिरोजाही नव्हता. पण धातूचे लहान मणी दोऱ्यात एकमेकांना भिडवून ओवण्याची जी रीत ठुशीत आणि बोरमाळेत दिसते, तिचे हे फार जुने रूप याच प्रदेशातले आहे. मराठी गळ्याच्या दागिन्यांचा इतिहास पेशव्यांपासून सुरू करण्याची सवय मोडायला एवढी एक माळ पुरेशी आहे.

पिरोजा दख्खनमध्ये खऱ्या अर्थाने दरबारी आला तो बहामनी काळात, आणि त्याची वाट पुन्हा जुन्नरवरूनच गेली. 1469 च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी इराण ओलांडून होर्मुझला जहाजात बसला आणि चौलला उतरला. विकण्यासाठी त्याने एक घोडा बरोबर आणला होता. चौलहून तो घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळा त्याने तिथे काढला. रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे त्याने लिहिले आहे. जुन्नरचा अधिकारी असदखान याने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदल, नाहीतर दंड भर, असे सांगून चार दिवसांची मुदत दिली. त्याला सोडवले ते महंमद नावाच्या एका खोरासानी माणसाने. असदखान हा बहामनी वजीर महमूद गवान याचा माणूस, गवान स्वतः गिलानचा, आणि सुटका करणारा पिरोज्याच्या प्रांतातला. पंधराव्या शतकातल्या जुन्नरमध्ये इराणी आणि खोरासानी माणसांचा किती वावर होता, याचा याहून थेट पुरावा नको. होर्मुझ ते चौल या जलमार्गाने घोडे येत, मोती येत, आणि निशापूरच्या खड्यालाही यायला तीच वाट होती.

याच राजवटीचे सिंहासन 'तख्त-ए-फिरोजा' म्हणून गाजले. फेरिश्ता या इतिहासकाराने त्याची हकीकत दिली आहे, आणि फेरिश्ताची तरुणपणीची वर्षे अहमदनगरच्या निजामशाहीत गेली होती. तेलंगणाच्या राजाकडून पहिल्या महंमदशहा बहामनीला मिळालेले हे तख्त आबनुसी लाकडाचे होते. त्यावर सोन्याचे पत्रे आणि रत्ने मढवलेली होती आणि पुढच्या प्रत्येक सुलतानाने त्यांत भर घातली. पण फिरोजा हे नाव पडले ते त्यावरच्या आकाशी मीन्यामुळे. पुढे महमूदशहाच्या कारकिर्दीत रत्ने काढून पेले आणि सुरया जडवण्यासाठी ते मोडण्यात आले, तेव्हा जवाहिऱ्यांनी त्याची किंमत एक कोटी होन केली, असे फेरिश्ता सांगतो. इराणात मीन्याच्या अभावी पिरोजा बसला, दख्खनमध्ये पिरोज्याचा रंग मीन्याने उचलला. जुन्या दख्खनी दागिन्यावर आकाशी रंग दिसला की लगेच पिरोजा म्हणू नये, हा धडा याच तख्ताने घालून दिला आहे.

मलिक अहमदने 1490 मध्ये जुन्नर येथूनच निजामशाही उभी केली आणि 1494 मध्ये अहमदनगरची पायाभरणी केली. राजधानी हलली तशी जुन्नर-बेल्हे-नगर ही वाट राज्याच्या मुख्य रस्त्यांपैकी एक झाली असली पाहिजे. जुन्नरची संपत्ती मात्र आटली नाही. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये जुन्नरवर रात्री छापा घातला तेव्हा तीन लाख होन, दोनशे घोडे आणि उंची कापड व जडजवाहीर हाती लागले.

आता प्रश्न असा की इतक्या जवळून जाणारा पिरोजा मराठी गळ्यात का रुळला नाही? जुन्या मराठी गळ्याच्या दागिन्यांवरून नजर फिरवावी. ठुशी, वज्रटीक, बोरमाळ, मोहनमाळ, एकदाणी, जोंधळी पोत, पुतळ्यांची माळ, साज: हे सगळे निखळ सोन्याचे, फार तर गोंड्याचा लाल रंग. चिंचपेटी आणि तन्मणी मोत्यांचे. जिथे खडा येतो तिथे माणिक, पाचू, हिरा, पोवळे. म्हणजे रंग चारच: लाल, पांढरा, हिरवा आणि मंगळसूत्रातला काळा. आकाशी निळ्याला जागा नाही. हिमालयात बरोबर याच्या उलट आहे. लडाखी स्त्रीचा पेराक म्हणजे पिरोज्यांनी भरलेले शिरोभूषण, आणि तो आईकडून थोरल्या लेकीकडे जातो.

याची कारणे प्रस्तुत लेखकाला तीन दिसतात. नवरत्नांत पिरोजा नाही; रसशास्त्राच्या ग्रंथांनी त्याला 'पेरोजक' या नावाने उपरत्नांत बसवले, त्यामुळे ग्रहशांतीचे जे बळ माणकाला किंवा पोवळ्याला मिळाले ते याला मिळाले नाही. दुसरे कारण कारागिरीचे. कोंदणकामात पारदर्शक खड्याखाली चकाकणारा पातळ पत्रा घालून रंग उठवतात. पिरोजा अपारदर्शक, त्याच्याखाली काहीही घातले तरी उपयोग नाही, सोनाराची ती कला वाया जाते. तिसरे कारण सर्वांत वजनदार वाटते. मराठी घरात ठुशी किंवा पोत पेटीत ठेवायची वस्तू नव्हती. हळद, तेल, उटणे, घाम, चुलीची धग हे सगळे तिने अंगावर सोसायचे असते. प्लिनीने सांगितलेला पिरोज्याचा दोष अशा गळ्यात दोन वर्षांत उघडा पडतो: निळा खडा मळकट हिरवा होतो. मोतीही नाजूकच, पण मोत्याला सणासुदीचे स्थान मिळाले आणि त्याचा पांढरा रंग मंगल ठरला. पिरोज्याला तसा कोणी वाली भेटला नाही.

परदेशी धातूच्या बाबतीत मराठी गळ्याने मात्र असा नकार कधी दिला नाही. पुतळीची माळ हे त्याचे उत्तम उदाहरण, आणि बेल्ह्यासारख्या बाजारपेठांशी तिचे नाते पिरोज्याहून कितीतरी जवळचे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने 1284 पासून सोन्याचा डुकाट पाडायला सुरुवात केली. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध, आणि पाच शतके, म्हणजे 1797 मध्ये नेपोलियनने ते राज्य बुडवीपर्यंत, दोन्हीत फरक पडला नाही. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा दोजे आणि दोघांमध्ये निशाणाची काठी. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वलयात उभा ख्रिस्त. तांबड्या समुद्रातून हे नाणे पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत आले. मराठेशाहीच्या कागदांत पुतळी हे नाण्याचे नाव म्हणून येते. ज्या नाण्याचा कस पाचशे वर्षे हलत नाही त्याच्यावर शेतकऱ्याचा विश्वास बसला यात नवल नाही. नाण्याला वर कडी लावली की ते माळेत ओवता येते. गरज पडली की एक पुतळी काढून विकता येते, माळ तशीच राहते.

पुढे नाणे येणे थांबले तरी माळ थांबली नाही. सोनारांनी ठसे केले आणि पातळ पत्र्यावर त्याच आकृती उठवल्या. ठशावरून ठसा होत गेला तशी लॅटिन अक्षरे मोडून नुसत्या रेघा आणि ठिपके झाले, दोजे आणि संत या दोन उभ्या बाहुल्या झाल्या, आणि काही माळांत त्यांची जागा लक्ष्मीने घेतली. पुतळी मूळ नाण्याची आहे की ठशाची, हे ओळखणे अवघड नाही. अस्सल नाणे दोन्ही बाजूंनी भरीव असते आणि त्यावरची अक्षरे, झिजली असली तरी, वाचता येतात; ठशाच्या पुतळीत पुढचा उठाव मागे खळगा होऊन दिसतो. ठशाची पुतळी नकली नव्हे. तो मराठी सोनाराचा स्वतंत्र दागिना आहे आणि लेखकाच्या मते मूळ नाण्याहून अधिक जपण्याजोगा, कारण व्हेनिसचे डुकाट जगातल्या अनेक संग्रहालयांत आहेत, पण गावच्या सोनाराचा ठसा त्याच्याबरोबर गेला की गेला.

बोरमाळेचे आणि मोहनमाळेचे मूळ असे परदेशी नाही. ते शेतात आहे. बोर, जोंधळा, गहू, चिंच या आकारांनी हे दागिने घडले. त्यातही हिशेब आहे. बोरमाळेचा मणी पातळ पत्र्याचा पोकळ करून आत लाख भरतात, म्हणजे थोड्या सोन्यात भरघोस माळ होते आणि मणी चेपत नाही. तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा या हिशेबात ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना दोन गुंजांची बचतही मोठी. बागेसरीतल्या निखाऱ्यांवर मूस ठेवून सोने रसवायचे, जंतरातून तार ओढायची, पत्रा ठोकायचा, डाख लावायचा, शेवटी गाठवणाऱ्याकडे देऊन रेशमात ओवून घ्यायचे. आणि दुकानाच्या झाडलोटीतला सोन्याचा कण झारेकऱ्याने धुऊन काढायचा. बैल, धान्य आणि कांदा विकून हाती आलेली रोकड ठेवायला जेव्हा जवळ बँक नव्हती, तेव्हा बाजारगावातले असे दुकान हीच बँक होती. बैल विकला की मण्यांची भर, दुष्काळ पडला की तीच माळ गहाण. आण्याच्या पठारासारख्या कमी पावसाच्या भागात माळेचे येणे-जाणे पावसावर चालले.

या साखळीला 1963 मध्ये मोठा तडाखा बसला. सुवर्ण नियंत्रणाच्या नियमांनी नवे दागिने 14 कॅरटपेक्षा शुद्ध घडवण्यास बंदी केली आणि देशभर लक्षावधी सोनारांच्या पोटावर पाय आला. ती मर्यादा पुढे उठली, 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला, पण मधल्या काळात अनेक घराण्यांतला हातोडा खाली ठेवला गेला तो कायमचा. 1972 च्या दुष्काळात घरातले सोने बाहेर पडले, आणि त्यातले बरेचसे वितळले.

आज आठवडे बाजारांत पुन्हा निळे खडे दिसतात: एक ग्रॅम सोन्याच्या मुलाम्याच्या माळा, काळपट केलेले धातूचे हार आणि त्यांत आकाशी खडे. ते बहुधा काच, प्लास्टिक, किंवा रंगवलेला हाऊलाइट. हाऊलाइट हा पांढरा, सच्छिद्र दगड 1868 मध्ये कॅनडात ओळखला गेला. त्याच्या काळ्या शिरांमुळे निळ्या रंगात बुडवला की तो हुबेहूब पिरोजा वाटतो. भिंगाखाली भेगांत साठलेला रंग दिसतो, मण्याच्या भोकात आतला पांढरेपणा दिसतो, ॲसिटोनच्या बोळ्याला निळे लागते. जगाच्या लिलावांत 'जुना सोन्या-पिरोज्याचा हार' म्हणून जे येते त्यातले बरेचसे इंग्लंडमधले, व्हिक्टोरिया राणीच्या काळातले. 1840 मध्ये राणीने आपल्या लग्नात बारा करवल्यांना पिरोजा जडवलेले गरुडाचे पदक दिले आणि त्या खड्याची तिकडे लाट आली. अशा हारांत पिरोज्याचे गोल, लहान खडे एकमेकांना चिकटून बसवलेले असतात, सोने 15 किंवा 18 कॅरटचे असते. मराठी सोनाराचे जुने काम 22 कॅरटच्या आसपासचे, पिवळेधमक. कसोटीवर ओढलेली रेघ लगेच वेगळी पडते. तेव्हा एखाद्या घरात पिरोज्याचा हार निघालाच, तर आधी सोन्याचा कस पाहावा, मग कोंदण मागून बंद आहे की उघडे ते पाहावे, आणि खड्याकडे सर्वांत शेवटी वळावे.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. घरातला वारसा ठेवण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही.

खरी भीती चोरबाजाराची नाही, मुशीची आहे. जुनी बोरमाळ मोडायला दिली की लाखेची घट धरून वजन होते, सोने रसात जाते, आणि त्याच्याबरोबर ठसा, घडण आणि ओवण्याची पद्धत जाते. बेल्हे, आळे, ओतूर, जुन्नर या पट्ट्यातल्या वाचकांना एवढीच विनंती: मोडणे भागच असेल तर मोडा, पण आधी दागिन्याची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्या, वजन लिहा, तो कोणाचा, कोणत्या गावच्या सोनाराने घडवला आणि कोणत्या लग्नात आला हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून लिहून ठेवा, आणि माळ पुतळ्यांची असेल तर त्यातली एक पुतळी बाजूला काढून ठेवा.